नसलेला ब्रेक

आमच्या इमारतीत मी कायद्याचा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. वकील नाही, पोलीस तर नाहीच. पण वाहनांची कलमं मला तोंडपाठ आहेत आणि ती मी कुणी न विचारता सांगतो. दुसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा वडिलांची स्कूटर घेऊन क्लासला निघालेला दिसला, तेव्हा मी त्याच्या वडिलांना जिन्यातच गाठलं. "कलम १९९-अ माहीत आहे का?" त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती एका कोपऱ्यातून गळत होती. तरी मी कलम पूर्ण केलं. २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं आहे, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकच दोषी, ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. तोवर पायरीवर दुधाचं छोटंसं तळं झालं होतं. तेव्हापासून ते गृहस्थ लिफ्टनं ये-जा करतात.

हे सगळं मी छातीठोकपणे बोलू शकत होतो, कारण माझं घर धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं. लेक सोळाची झाली तेव्हा तिनं कायद्याचंच पुस्तक माझ्यापुढे टाकलं होतं. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर पालकांच्या संमतीनं ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवता येते. कायद्यात आहे म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार? आम्ही साताऱ्यातली दुकानं पालथी घातली. १९७२ साली लूना निघाली तेव्हा ५० सीसीला मान होता. आता एका दुकानदारानं आम्हाला थंड पाणी दिलं आणि "साहेब, एवढं लहान इंजिन आता फवारणीच्या पंपाला लावतात," असं सांगून वाटेला लावलं. कायद्यानं परवानगी दिली होती, बाजारानं गाडीच ठेवली नव्हती. लेक दोन वर्षं सायकलवर फिरली आणि मी त्या दोन वर्षांचं श्रेय घेत राहिलो.

अठरा पूर्ण झाल्यावर तिनं शिकाऊ लायसन्स काढलं. आता ते आधार जोडून घरबसल्या, सारथीच्या संकेतस्थळावर होतं. परीक्षेआधी ती सराव करत होती, तेव्हा मी सोफ्यावरून उत्तरं पुरवायला लागलो. पिवळा दिवा लागला तर? "वेग वाढवायचा, नाहीतर लाल लागतो." चौकात सिग्नल नसेल तर कुणाला आधी जाऊ द्याल? "ट्रकला." अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर? "जो आधी डिपर मारेल तो." बरोबर उत्तरं अशी: थांबायचं, उजवीकडून येणाऱ्याला, आणि घाट चढणाऱ्याला. लेकीनं मोबाइल उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"ड्रायव्हिंग स्कूल लावू या," असं सौ. म्हणाली. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हा तिचा मुद्दा. मी म्हटलं, "तीस वर्षं गाडी चालवतोय, मला जोडब्रेक कशाला हवा?" मोटार वाहन नियमांत असं लिहिलंय की शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि ती गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. हा नियम मी लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. 'लायसन्स असलेली' हे शब्द मी जरा भरभर वाचले असावेत. तिनं मात्र आपल्या परीनं सगळं चोख केलं. पांढऱ्यावर लाल 'एल' पुढे आणि मागे, तोही पट्टीनं मोजून, १८ सेंटिमीटर चौरस. मी कापडी चिकटपट्टीचा एल करणार होतो.

पहिले धडे जिल्हा परिषदेच्या मैदानावर झाले. तिथे सकाळी चालायला येणारी मंडळी, क्रिकेटची पोरं आणि आमच्यासारखी शिकाऊ कुटुंबं अशी तिहेरी गर्दी असते. गाडी सुरू झाली आणि माझ्या तोंडाला जे सुटलं ते थांबेना. "क्लच दाब. फर्स्ट टाक. क्लच सोड. हळू. हळू म्हणजे सोड. सोडू नको! रेज कर! एवढी नको! ब्रेक! क्लच! ब्रेक आणि क्लच!" गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. लेकीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बाबा, पाय दोन आहेत. तुम्ही एका वेळी चार सूचना देताय." चालायला आलेले एक आजोबा खिडकीपाशी थांबून म्हणाले, "तुम्ही जरा उतरता का? पोरीचं पोरीला करू द्या." मी काच वर केली.

त्या मैदानावरच मला समजलं की माझा उजवा पाय माझ्या ताब्यात नाही. लेक ब्रेक लावायच्या आधी तो लावत होता, आणि माझ्या पायाशी ब्रेक नव्हताच. रबरी चटई होती. चटईला माझ्या बुटाच्या टाचेनं भोक पडलं. डाव्या हातानं मी दारावरची मूठ धरायचो आणि उजवा हात हँडब्रेकच्या वर एक इंच तरंगत ठेवायचो. घरी आल्यावर लेक ताजीतवानी असायची आणि मी पोटरीला बाम लावत बसायचो.

तरी पोरगी शिकत होती. वाईट याचं वाटे की ती माझ्यामुळे शिकत नव्हती. तळमजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले काका राहतात. उभी हयात त्यांनी महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट केला. विनाअपघात सेवेचा बिल्ला भिंतीवर आहे, पण ते स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर तंबाखू मळत बसलेले असताना लेक त्यांच्याजवळ जाऊन एखादाच प्रश्न विचारायची. काका एकाच वाक्यात उत्तर द्यायचे. "घाट ज्या गिअरमधी चढलीस त्याच गिअरमधी उतरायचा." "आरसा बघून मग साइड दाखवायची, साइड दाखवून आरसा नाय." "पुढच्याच्या मागं बोंबलत जायचं नाय, तो थांबणारच हाय असं धरून चालायचं." मी ज्या गोष्टीला तासभर घेई ती ते चुना लावता लावता उरकत.

त्यातलं पहिलं वाक्य मला झोंबलं. यवतेश्वरचा घाट उतरताना मी वर्षानुवर्षं न्यूट्रल टाकत आलो आहे. पेट्रोल वाचतं, असं माझ्या वडिलांनी सांगितलं होतं आणि त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. लेक पहिल्यांदा घाट उतरवत होती तेव्हा मी सवयीनं म्हटलं, "आता काढ गिअर." ती म्हणाली, "काढला तर इंजिन गाडीला रोखणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल. तापले तर लागणार नाहीत. आणि हल्लीच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंजिन इंधन जवळजवळ घेतच नाही; न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला घेतं." म्हणजे इतकी वर्षं मी जीवही धोक्यात घातला आणि पेट्रोलही वाचवलं नाही. मी खिडकीबाहेर अजिंक्यतारा बघत बसलो. पुढे वळणावर तिनं समोरच्या जीपपासून भलतंच अंतर ठेवलं, तेव्हा मला परत कंठ फुटला. "एवढी जागा सोडलीस तर कुणीतरी घुसेल मध्ये." ती म्हणाली, "घुसू दे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. तुम्हाला 'अरे' म्हणायलाच एक सेकंद लागतो, बाबा."

सातारा हे गाव उतारावर वसलेलं आहे, किंवा चढावर. तुम्ही कुठून निघालात त्यावर आहे. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांना जोडणारी जी बोळं आहेत त्यांत हाफ क्लच आल्याशिवाय इथला माणूस सज्ञान होत नाही. त्यामुळे समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलायची, मागे न घसरू देता, हा माझ्या अभ्यासक्रमाचा कळस होता. मी वेळ निवडली शाळा सुटण्याची. खरी परीक्षा गर्दीतच होते, असं काहीतरी मी घरून निघताना म्हणालो होतो.

गाडी चढावर थांबली आणि बंद पडली. लेकीनं पुन्हा सुरू केली, ती पुन्हा पडली. मागे मुलांनी गच्च भरलेली रिक्षा, तिच्या मागे गॅस सिलिंडरचा टेम्पो. रिक्षातल्या पोरांनी एका सुरात "दीदी, रेज! दीदी, रेज!" सुरू केलं. हॉर्न तर वाजत होतेच. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली बंद केलं, पण तो मजकूर लोकांच्या अंगठ्यात उतरलेला आहे. गाडी वीतभर मागे सरकली. माझा पाय चटईच्या भोकातून पत्र्याला टेकला. आता नेतृत्व केलं पाहिजे, असं मला वाटलं. मी दार उघडलं, खाली उतरलो आणि दोन्ही हात पसरून रिक्षापुढे उभा राहिलो. "मागे घ्या! मागे घ्या! शिकाऊ आहे!" रिक्षावाल्यानं मागच्या टेम्पोकडे बोट दाखवलं. टेम्पोवाल्यानं कपाळाला हात लावला.

माझा आवाज गाडीबाहेर गेल्यावर आत काय झालं ते मला नंतर कळलं. लेकीनं हँडब्रेक ओढला. गाडी सुरू केली. फर्स्ट टाकला, क्लच इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत सोडला, थोडी रेज दिली आणि हँडब्रेक खाली केला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढाला लागली. मागोमाग रिक्षा गेली. पोरांनी मला टाटा केला. मग टेम्पो. मी रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरलेले, आणि समोर मोकळा चढ.

वर डावीकडे गाडी लागली, साइडचा दिवा लुकलुकत राहिला. मी धापा टाकत पोचलो तेव्हा वाहतूक पोलीस माझ्याआधी तिथे पोचले होते आणि लेकीचे कागद बघत होते. कागदांत खोट नव्हती. "एल लावलाय, लायसन शिकाऊ, मग शेजारी बसलेला माणूस कुठाय?"

"मी. मीच तो."

"तुम्ही तर खाली रस्त्यावर व्हता."

"परिस्थितीच तशी आली." मग मला राहवलं नाही. "नियमात म्हटलंय की शेजारी अशी व्यक्ती हवी..." आणि मी नियम अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. भला माणूस होता. "बरोबर बोलला. लायसन असलेली व्यक्ती. दावा तुमचं."

मी पाकिटातून लायसन्स काढून ऐटीत पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरलं, जरा लांब, मग जवळ. मग माझ्याकडे पाहिलं, मग परत लायसन्सकडे. "साहेब, पन्नाशी कधी झाली?"

"दोन वर्षं होत आली."

"मग हे बी तवाच संपलंय."

माझं मागचं नूतनीकरण २०१३ साली झालं होतं. त्या वेळच्या कायद्यानुसार लायसन्स २० वर्षं किंवा पन्नासावा वाढदिवस, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. म्हणजे ज्या दिवशी हॉल घेऊन, नातेवाईक बोलावून, फेटा बांधून मी केक कापला, त्याच दिवशी माझं लायसन्स मेलं होतं. पूर्वी वरचे तीस दिवस तरी सवलतीचे असत. तेही त्याच २०१९च्या दुरुस्तीनं काढून टाकले होते, जिच्यातलं एक कलम मी जिन्यात वाटत फिरत होतो. पूर्ण दुरुस्ती वाचायचं माझ्या मनात होतं.

पोलिसांनी मोबाइलवर गाडीचा फोटो काढला आणि चलन केलं. गाडी आता कोण चालवणार, हा प्रश्न होता. लेकीला एकटीनं चालवता येत नाही आणि मला तर कुणाबरोबरही चालवता येत नाही. सौ.ला फोन लागला. ती रिक्षानं आली, आपलं लायसन्स पोलिसांना दाखवलं. ते चांगलं अजून सात वर्षं जिवंत होतं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणून ती गाडीत बसली. उरलेली म्हण तिनं बोगद्यापासून घरापर्यंत नुसत्या चेहऱ्यानं पूर्ण केली. मी मागच्या सीटवर होतो. इमारतीत शिरताना दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली माहीत नाही. त्या रिक्षात त्यांची पुतणी असावी. त्या दिवशी ते मुद्दाम जिन्यानं निघाले. "कलम कितवं हो?" त्यांनी विचारलं.

लायसन्स संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. शिवाय चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरांचा दाखला, फॉर्म १-अ. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असं विचारतात. डॉक्टर मला खिडकीशी घेऊन गेले. "ती पांढरी गाडी, नंबर वाचा." मी नंबर वाचला आणि वर सांगितलं की ती गाडी नो पार्किंगमध्ये उभी आहे. गाडी डॉक्टरांची होती. त्यांनी सही जरा जोरात केली.

यापुढे लेकीच्या शेजारी सौ. बसू लागली. ती काही बोलत नसे. फार तर "हं" म्हणे. लेक झपाट्यानं तयार झाली. माझा सराव रस्त्यावर शक्य नव्हता, म्हणून मेहुण्यांच्या गुऱ्हाळाचं आवार ठरलं. हंगाम संपला होता, चुलवण थंड होतं, आवाराला कुंपण होतं. लेकीनं गुळाचे रिकामे डबे मांडून इंग्रजी 'एच' आखला. मग मला गाडीत बसवून वही उघडली. अभ्यासक्रम गाडी सुरू होण्याआधीच लांबत गेला. सीट पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तिन्ही आरसे लावा. मधल्या आरशात मागची काच दिसायला हवी. माझ्यात माझा भांग दिसत होता. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर; वर धरले आणि एअरबॅग उघडली तर मनगटं तोंडावर येतात. सरळ जाताना चारही दिवे लुकलुकवायचे नाहीत. "सरळ चाललोय हे कळायला नको?" "दिवे न लावता गेलात की कळतं, बाबा."

पहिल्याच रिव्हर्सला मी पाच डबे आडवे केले. मेहुणे चुलवणाच्या कठड्यावर बसून चहा पीत होते. "दाजी," ते म्हणाले, "डबे रिकामे आहेत, पण हिशोबात धरलेत."

चाचणी आम्हा दोघांची एकाच दिवशी आली. १९८९च्या नियमांत काय काय तपासायचं त्याची यादी आहे: आरसा नीट करणं इथपासून ते अरुंद जागेत मागे घेणं, आणि तीव्र चढावर थांबून गाडी जराही मागे न येऊ देता पुढे काढणं. लेकीनं सगळं केलं. उतरली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी मान हलवली आणि "पुढचा," म्हणाले.

पुढचा मी. सीट, आरसे, हात नऊ-तीन. 'एच' मी मखमलीसारखा काढला. खांबांना हवाही लागली नाही. चढावर थांबलो, हँडब्रेक, क्लच, रेज, उचलली. तसूभर मागे आली नाही. माझ्या पोटातून एक आनंदाची कळ उठली. गाडी थांबवून मी साहेबांकडे पाहिलं. ते माझ्या खांद्याकडे बघत होते.

"पट्टा कुठं अडकवलाय?"

पट्टा अंगावरून आडवा होता. टोक मी डाव्या मांडीखाली दाबून ठेवलं होतं. पोवई नाक्यावर पोलीस दिसले की मी वर्षानुवर्षं तसंच करतो. हात आपोआप जातो. मी जरासा सरकलो. पट्टा सुर्रकन परत गेला आणि कडी काचेवर टकटकली.

"सात दिवसांनी या," साहेब म्हणाले. नापास झाल्यावर तेवढं थांबावंच लागतं. तीनदा नापास झालात तर साठ दिवस. हे मला पाठ होतं. म्हणून दाखवलं नाही.

घरी माझ्या आईनं देवापुढे कंदी पेढे ठेवले, नातीच्या हातावर दोन दिले आणि डबा बंद केला. "मला?" मी विचारलं. "तुझा निकाल लागू दे," ती म्हणाली. काकांनी ओट्यावरून लेकीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मला म्हणाले, "पट्ट्याचा टक् असा आवाज आला पायजे. आवाज नाय तर पट्टा नाय." दर वेळेसारखं एकच वाक्य, फरक इतकाच की आता विद्यार्थी मी होतो.

सात दिवसांनी मला परीक्षेला लेकीनं नेलं. तिच्या गाडीवरचा एल काढलेला होता, काचेवर त्याचा चौकोन अजून दिसत होता. वाटेत पिवळा दिवा लागला. माझ्या तोंडात "जा, जा" आलं होतं ते मी गिळलं, पण पाय चटईवर गेलाच. ती थांबली. मागच्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं आरशात पाहून हात हलवला, रागानं नव्हे, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

मी पास झालो. टक् आवाज साहेबांनाही ऐकू गेला असावा. कार्ड स्पीड पोस्टानं आलं तेव्हा लेकीनंच पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा मुदतीची तारीख वाचली. पन्नास ते पंचावन्नच्या मधल्या माणसाला आता साठीपर्यंतच देतात. तिनं मोबाइल काढला, माझ्या साठाव्या वाढदिवसाआधीच्या वर्षात जाऊन एक आठवण लावली आणि मला पडदा दाखवला. त्यावर लिहिलं होतं: 'बाबा रिन्यू करणे.'